वाल्डेनचे कोडे

बारावीला विज्ञान शाखा घेतलेल्या बहुतेक प्रत्येक विद्यार्थ्याने एक तक्ता पाठ केलेला असतो. डाव्या स्तंभावर ‘एसएन-१’, उजव्या स्तंभावर ‘एसएन-२’. एका अभिक्रियेचा वेग एकाच पदार्थाच्या संहतीवर अवलंबून, दुसरीचा दोन्ही पदार्थांच्या. एकीत दोन पायऱ्या, दुसरीत एकच. एकीत रेणूची डावी-उजवी ओळख बहुतांशी पुसली जाते, दुसरीत ती उलटी होते. एकीला तृतीयक हॅलाइड मानवते, दुसरीला प्राथमिक. ‘फरक स्पष्ट करा’ या सदरात हा तक्ता परीक्षेला येतो, आणि परीक्षा आटोपली की स्मरणातून निघून जातो. त्यात विद्यार्थ्यांचा दोष थोडाच. तक्त्यात उत्तरे असतात. ती ज्या प्रश्नाची उत्तरे आहेत तो प्रश्न तिथे नसतो. तो प्रश्न १८९६ साली रीगा येथील एका प्रयोगशाळेत उभा राहिला, आणि त्याचा उलगडा होण्यास सुमारे चाळीस वर्षे लागली.

प्रश्न ऐकावयास अगदी साधा आहे. कार्बनच्या अणूला चार हात. त्यांतील एका हाताला धरून बसलेला गट निघून जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. यालाच प्रतिष्ठापन म्हणतात. काही पाठ्यपुस्तकांत त्याला प्रतियोजन असेही नाव आहे. येणारा गट आपल्याजवळची इलेक्ट्रॉनांची जोडी घेऊन धनभाराच्या ओढीने येत असेल, तर ते केंद्रकस्नेही प्रतिष्ठापन. आता विचारावयाचे ते एवढेच, की येणारा नेमका कोणत्या बाजूने येतो, आणि जाणारा आधी जातो की नंतर? दोघांनाही डोळ्यांनी पाहता येत नाही. एक थेंब द्रावणात असे रेणू इतके असतात की त्यांची संख्या लिहिताना शून्यांची रांग लागते. मग हे कळावे कसे?

हा प्रश्न विचारता येण्यासाठी आधी दोन शोध लागावे लागले. १८४८ साली तरुण लुई पाश्चरने टार्टारिक आम्लाच्या एका लवणाचे स्फटिक भिंगाखाली पाहिले आणि चिमट्याने त्यांचे दोन ढीग केले. दोन्ही ढिगांतील स्फटिक एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे होती, उजव्या आणि डाव्या पायांच्या चपलांसारखी. (पाश्चरचे टार्टारिक आम्ल द्राक्षाच्या मद्याच्या पिंपांतून आले होते, आपल्याकडे हेच आम्ल चिंचेच्या रूपाने रोज आमटीत पडते.) एका ढिगाच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश जाऊ दिला, तर त्याचे प्रतल उजवीकडे वळे, दुसऱ्या ढिगाच्या द्रावणातून तितकेच डावीकडे. १८७४ साली व्हान्ट हॉफ आणि ल बेल या दोघांनी स्वतंत्रपणे त्याचे कारण सांगितले. कार्बनचे चार बंध एका सपाट कागदावर नसून चार दिशांना पसरलेले असतात, आणि त्यांवर चार भिन्न गट असले तर त्यांची मांडणी दोन तऱ्हांनी करता येते, डावी आणि उजवी.

प्रकाशाचे प्रतल किती वळले हे मोजणारे यंत्र म्हणजे ध्रुवणमापी. ज्यांच्या घरातील कोणी कोल्हापूर-नगरकडील साखर कारखान्यात असेल त्यांना हे यंत्र परके नाही. उसाच्या रसातील साखरेचा ‘पोल’ काढतात तो याच यंत्रावर. १८५० मध्ये लुडविग विल्हेल्मी याने हेच यंत्र आणि घड्याळ शेजारी ठेवून आम्लात साखरेचे विघटन किती वेगाने होते ते मोजले होते. अभिक्रियेचा वेग पद्धतशीरपणे मोजण्याचा तो पहिला प्रयत्न मानतात. ध्रुवणमापी आणि घड्याळ ही दोन साधने ध्यानात ठेवावीत. पुढील सारा इतिहास म्हणजे या दोन साधनांची गाठ पडण्याची कथा आहे.

पॉल वाल्डेन याचा जन्म १८६३ चा, आजच्या लॅट्व्हियातील एका शेतकरी कुटुंबातला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. घरची भाषा लॅट्व्हियन, राज्यकर्त्यांची रशियन आणि रसायनशास्त्राची जर्मन, अशा तीन भाषांच्या संगमावर त्याचे शिक्षण झाले. रीगाच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला विल्हेल्म ऑस्टवाल्डसारखा गुरू लाभला आणि पुढे तेथेच तो प्राध्यापक झाला.

वाल्डेनने निवडलेला पदार्थ होता मॅलिक आम्ल. कच्च्या सफरचंदाचा आंबटपणा त्याचा. हिवाळ्यात हरभऱ्याच्या शेतातून फिरल्यावर हातापायांना जी आंब लागते तीतही तेच असते. निसर्गातील मॅलिक आम्ल एकाच हाताचे असते. वाल्डेनने त्यावर फॉस्फरस पेंटाक्लोराइडची क्रिया केली. मॅलिक आम्लातील हायड्रॉक्सिल गट गेला, क्लोरीन आला, क्लोरोसक्सिनिक आम्ल तयार झाले. मग त्यावर ओलसर सिल्व्हर ऑक्साइड टाकले. क्लोरीन गेला, हायड्रॉक्सिल परत आला. पदार्थ पुन्हा मॅलिक आम्लच. परंतु ध्रुवणमापीत पाहतो तो काय, प्रकाश विरुद्ध बाजूला वळलेला! उजव्या पायाची चप्पल काढून ठेवावी, थोड्या वेळाने तीच घालावयास जावे आणि ती डाव्या पायाची झालेली असावी, असा तो प्रकार होता. वाल्डेनने हेच दोन प्रयोग पुन्हा त्या उलट्या आम्लावर केले, तेव्हा मूळचे आम्ल परत मिळाले. चक्र पूर्ण झाले. त्यातही गंमत अशी, की मधल्या क्लोरोसक्सिनिक आम्लावर सिल्व्हर ऑक्साइडऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरले, तर चक्र न फिरता मूळच्याच हाताचे आम्ल हाती येई.

आजच्या वाचकाला यात एवढे आश्चर्य काय, असे वाटेल. तत्कालीन रसायनशास्त्रज्ञांची समजूत अशी होती की नवा गट जुन्याच्याच जागी येऊन बसतो. ज्या खुंटीवरचा सदरा काढला त्याच खुंटीवर दुसरा टांगावा, इतकी ती समजूत स्वाभाविक होती. या समजुतीच्या आधारावर कित्येक रेणूंची मांडणी ठरविण्यात आली होती. वाल्डेनच्या चक्राने दाखविले की दोन पायऱ्यांपैकी निदान एका पायरीत रेणू उलटतो. परंतु कोणत्या? पहिल्या की दुसऱ्या? आणि सिल्व्हर ऑक्साइड व पोटॅशियम हायड्रॉक्साइड, दोघेही हायड्रॉक्सिलच आणून देत असता, त्यांची फळे परस्परविरुद्ध का? ध्रुवणमापी येथे मुका होता. क्लोरोसक्सिनिक आम्ल आणि मॅलिक आम्ल हे वेगवेगळे पदार्थ आहेत. एक प्रकाशाला उजवीकडे वळवतो आणि दुसरा डावीकडे, एवढ्यावरून त्यांच्या अणूंची मांडणी समान आहे की उलट, हे सांगता येत नाही.

त्या काळातील सेंद्रिय रसायनशास्त्राचा सम्राट म्हणावा असा एमिल फिशर या कोड्यात गुंतला. पाश्चरच्या मूलभूत संशोधनानंतर या क्षेत्रातील सर्वांत विस्मयकारक निरीक्षण म्हणून त्याने १९०६ मध्ये वाल्डेनच्या शोधाचा गौरव केला आणि ‘वाल्डेन व्युत्क्रम’ हे नाव रूढ केले. फिशरने अॅलनिन या अमिनो आम्लावर प्रयोग केले. त्यात त्याला आढळले, की मुक्त आम्ल वापरले तर ब्रोमीनयुक्त पदार्थ एका हाताचा मिळतो, आणि त्याच आम्लाचा एस्टर वापरला तर दुसऱ्या हाताचा. म्हणजे ज्या कार्बनवर सारे घडत आहे त्याच्या शेजारी आम्लाचा गट मोकळा आहे की झाकलेला, यावर निकाल अवलंबून होता. कोड्याची किल्ली फिशरच्या टेबलावर येऊन पडली होती. ती कोणत्या कुलुपाची, हे मात्र त्या पिढीला समजले नाही. फिशर १९१९ मध्ये निवर्तला तेव्हा कोडे होते तिथेच होते.

पुढचे पाऊल कोण्या जगद्विख्यात विद्यापीठात पडले नाही. लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये जोसेफ केनियन आणि हेन्री फिलिप्स काम करीत होते. फिलिप्सचा १९२३ चा प्रयोग हा विचारशुद्धीचा नमुना म्हणून शिकवावा असा आहे. त्याचा प्रश्न असा: एकूण पायऱ्यांपैकी एकीतच असममित कार्बनचा बंध तुटेल, बाकी पायऱ्यांत त्याला धक्काही लागणार नाही, अशी साखळी रचता येईल काय? त्याने एक अल्कोहोल घेतले. त्याचे वलन सुमारे ३३ अंश उजवे होते. त्याचा टोसिलेट नावाचा एस्टर केला. यात ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तुटतो. कार्बन आणि ऑक्सिजन यांची जोडी अभंग राहते. मग अॅसिटेट आयनाने टोसिलेटचा गट हाकलला. येथे, आणि केवळ येथेच, कार्बन-ऑक्सिजन बंध तुटतो. मिळालेल्या अॅसिटेटचे जलविघटन करून पुन्हा अल्कोहोल केले. यातही त्या कार्बनला स्पर्श होत नाही. शेवटी हाती आलेल्या त्याच अल्कोहोलचे वलन जवळजवळ तितकेच भरले, पण डावे. आता शंकेला जागा नव्हती. उलटापालट झाली ती कोणत्या पायरीत, हे प्रथमच निर्विवाद सांगता आले. येणारा गट जाणाऱ्याच्या पाठीमागून येतो, आणि उरलेले तीन गट वादळी वाऱ्यात उलटणाऱ्या छत्रीच्या काड्यांसारखे दुसऱ्या बाजूला झुकतात.

मग सिल्व्हर ऑक्साइडचे काय? आणि काही अभिक्रियांत डाव्या-उजव्यांचे मिश्रण मिळते त्याचे काय? एका सुंदर प्रयोगाने सगळे प्रश्न सुटत नाहीत. त्यासाठी घड्याळ यावे लागले.

ते आणले ख्रिस्तोफर इन्गोल्ड आणि एडवर्ड डेव्हिड ह्यूज या जोडीने. इन्गोल्डचा जन्म १८९३ चा. लीड्स येथे प्राध्यापकी करून १९३० मध्ये तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आला. त्याची पत्नी हिल्डा अशरवुड ही स्वतः रसायनशास्त्राची डॉक्टर. त्याच्या संशोधनात तिचा सहभाग होता आणि त्यांचे संयुक्त लेख प्रसिद्ध आहेत. तिचे नाव पाठ्यपुस्तकात येत नाही, हे येथे नोंदवून ठेवणे बरे. ह्यूजचा जन्म १९०६ चा, वायव्य वेल्समधील क्रिकिएथ गावाजवळच्या शेतकरी घरातला. तो मुलूख वेल्श बोलणारा. इंग्रजी ही तेथे वरच्या शिक्षणाची आणि कचेरीची भाषा. बँगरच्या विद्यापीठ महाविद्यालयात शिकून तो १९३० मध्येच लंडनला आला. दोघांची भेट झाली आणि पुढील तीन दशके ती जोडी फुटली नाही. इन्गोल्ड कल्पनांचा आणि भाषेचा धनी, ह्यूज मोजमापाचा, असे ढोबळपणे म्हणतात. पण असे म्हणण्यात ह्यूजवर अन्याय होतो. काय मोजावे हे ठरविणे ही कल्पनाशक्तीचीच कामगिरी असते.

त्यांनी मोजला तो वेग. वेगावरून यंत्रणा कशी कळते? लग्नाची पंगत बसली आहे आणि पुरणपोळीचा बेत आहे असे धरू. आत एकच बाई तव्यावर पोळ्या भाजत आहे. वाढपी दोनाचे चार केले, चाराचे आठ केले, तरी पानात पोळी पडण्याचा वेग वाढत नाही. तो ठरतो तव्यावरून पोळी उतरण्याच्या वेगाने. वाढपी वाढवून वेग वाढला नाही, एवढ्यावरून स्वयंपाकघरात न डोकावताही आपण सांगू शकतो की खोळंबा आत आहे. ह्यूज आणि इन्गोल्ड यांनी नेमके हेच केले. अल्किल हॅलाइडच्या द्रावणात हायड्रॉक्साइड आयनाचे प्रमाण बदलत जावयाचे आणि वेग बघावयाचा. मिथिल आणि एथिल हॅलाइडच्या बाबतीत हायड्रॉक्साइड दुप्पट केले की वेग दुप्पट होई. म्हणजे निर्णायक क्षणी हॅलाइड आणि हायड्रॉक्साइड दोघेही हजर असतात. एक येत असतानाच दुसरा जात असतो. याउलट तृतीयक ब्यूटिल हॅलाइडच्या बाबतीत हायड्रॉक्साइड वाढवले तरी वेग ढिम्म हलत नसे. येथे हॅलोजन प्रथम आपला आपण निघून जातो. ती पायरी सावकाशीची. मागे उरतो धनभारित कार्बन, आणि त्याला जो प्रथम भेटेल तो चटकन चिकटतो. आयसोप्रोपिल हॅलाइड या दोहोंच्या सीमेवर. परिस्थितीनुसार ते दोन्ही वाटांनी जाऊ शके.

पहिल्या वाटेचे नाव एसएन-२, दुसरीचे एसएन-१. यातील ‘एस’ प्रतिष्ठापनाचा, ‘एन’ केंद्रकस्नेहीचा, आणि आकडा निर्णायक पायरीत ज्यांच्या बंधांत बदल होत असतो त्या रेणूंचा. पायऱ्यांचा नव्हे! तक्ता पाठ करणारे पुष्कळसे विद्यार्थी येथेच घसरतात, कारण एसएन-१ मध्ये पायऱ्या दोन आणि एसएन-२ मध्ये एक. ‘केंद्रकस्नेही’ या अर्थाचा मूळ शब्दही इन्गोल्डनेच १९३३ च्या सुमारास घडविला.

दोन्ही वाटांतील फरक आगगाडीच्या गर्दीतून प्रवास करणाऱ्यांना समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. बाकड्यावरचा माणूस आपले स्टेशन आले म्हणून उठतो, जागा मोकळी होते, मग दोन्ही बाजूंना उभे असलेल्यांपैकी कोणीही तीत बसतो, हा एसएन-१. एका टोकाने कोणी तरी अंग चोरून घुसतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या टोकाचा बिचारा खाली सरकतो, हा एसएन-२. पहिल्यात येणाऱ्याला दोन्ही बाजू खुल्या, म्हणून डावे आणि उजवे दोन्ही रेणू तयार होतात. दुसऱ्यात पाठीमागूनच प्रवेश, म्हणून उलटापालट अटळ. कार्बनला तीन मोठे गट चिकटलेले असले तर पाठीमागची वाट बंद होते, शिवाय तेच गट धनभार सावरून धरण्यास मदत करतात. म्हणून तृतीयक हॅलाइडे पहिल्या वाटेने जातात. तक्त्यातील शेवटच्या ओळीचे कारण हे.

एसएन-२ मध्ये प्रत्येक वेळी उलटापालट होतेच, हे सिद्ध करणारा प्रयोग १९३५ सालचा. तो या सर्व इतिहासातील सर्वांत देखणा प्रयोग होय, असे म्हणावयास हरकत नाही. आयरीन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्यूरी यांनी कृत्रिम किरणोत्साराचा शोध लावून जेमतेम वर्ष झाले होते. ह्यूज आणि त्याच्या चार सहकाऱ्यांनी किरणोत्सारी आयोडिन तयार करून घेतले. त्याचे अर्धायुष्य अवघे २५ मिनिटांचे. म्हणजे घाई करणे भाग. एका हाताच्या २-आयोडोऑक्टेनचे द्रावण अॅसिटोनमध्ये करून त्यात या किरणोत्सारी आयोडाइडचे लवण घातले. आता आयोडिन जातो आणि आयोडिनच येतो. पदार्थ बदलत नाही, म्हणून फिशरच्या पिढीला छळणारी ‘वेगवेगळ्या पदार्थांची तुलना कशी करावी’ ही अडचण मुळातच उरत नाही. किती रेणूंत अदलाबदल झाली हे किरणोत्सारावरून मोजावयाचे, आणि प्रकाशाचे वलन किती कमी झाले हे ध्रुवणमापीवरून.

पुढचे गणित पाचवीतल्या मुलालाही समजेल. शंभर रेणू आहेत, सगळे उजवे. त्यांपैकी दहांत अदलाबदल झाली. जर अदलाबदलीत काहीच उलटत नसेल, तर शंभरही उजवेच राहतील आणि वलन घटणार नाही. जर निम्मे उलटत असतील, तर पंचाण्णव उजवे आणि पाच डावे. पाच डाव्यांनी पाच उजव्यांचा प्रभाव खोडला, उरले नव्वद. वलनात घट दहाची. पण जर दहाचे दहाही उलटत असतील, तर नव्वद उजवे, दहा डावे, शिल्लक ऐंशी, घट वीसची. म्हणजे अदलाबदल दहा आणि घट वीस, बरोबर दुप्पट. प्रयोगात घट आढळली ती दुप्पटच, प्रयोगाच्या अचूकतेच्या मर्यादेत. एकही रेणू जुन्या खुंटीवर बसत नव्हता.

राहिले वाल्डेनचे मूळ कोडे. त्याचा उलगडा ह्यूज-इन्गोल्ड गटाने १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामातून झाला, आणि तो फिशरच्या निरीक्षणाशी थेट जाऊन भिडतो. ब्रोमोप्रोपिऑनिक आम्लाच्या लवणावर हायड्रॉक्साइडची तीव्र मात्रा वापरली तर साधे एसएन-२ घडते आणि रेणू उलटतो. मात्र हायड्रॉक्साइड अगदी विरळ असेल, तर बाहेरचा पाहुणा येईपर्यंत रेणू थांबत नाही. शेजारचाच आम्लगट आपल्या ऋणभारित ऑक्सिजनाने पाठीमागून त्या कार्बनला तात्पुरता कवेत घेतो आणि ब्रोमीनला घालवून देतो. ही झाली पहिली उलटापालट. मग पाणी येऊन या शेजाऱ्याला बाजूला सारते, तेही पाठीमागूनच, ही दुसरी. दोनदा उलटलेली छत्री सुलटी होते, आणि मूळ मांडणी जशीच्या तशी राहिलेली दिसते. चांदीचा आयन हॅलोजनला ओढून नेण्यास मदत करतो, म्हणून सिल्व्हर ऑक्साइडबरोबर शेजाऱ्याची ही वाट सुकर होते. फिशरच्या प्रयोगात एस्टर केल्यावर फळ का बदलले, हेही आता उघड आहे. शेजाऱ्याचा तो हातच एस्टरने बांधून टाकला होता. वाल्डेनच्या मॅलिक आम्लात मात्र असे आम्लगट दोन आहेत, आणि त्यांतला नेमका कोणता पुढे सरसावतो याचे संगणकावरील गणित एकविसाव्या शतकातही चालू राहिले.

विज्ञानाच्या इतिहासात सत्य सापडले की सर्वांनी टाळ्या वाजवल्या, असे क्वचितच होते. रॉबर्ट रॉबिन्सन हा त्या काळातील ब्रिटिश रसायनशास्त्राचा दुसरा धुरीण. (पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. के. वेंकटरामन हे मँचेस्टरला याच रॉबिन्सनचे विद्यार्थी.) इलेक्ट्रॉनांच्या हालचालींवरून अभिक्रिया समजावून घेण्याचा मार्ग आपण आधी दाखवला, इन्गोल्डने केवळ नवी नावे देऊन तो आपला म्हणून मांडला, ही खंत रॉबिन्सनने अखेरपर्यंत बाळगली. तिच्यात तथ्य अजिबात नव्हते असे म्हणता येणार नाही. अभिक्रियांच्या खुणा वक्र बाणांनी दाखविण्याची रीत रॉबिन्सनच्या लेखणीतूनच आली, आणि इन्गोल्डने तिचे ऋण पुरेसे मोकळेपणाने मान्य केले नाही, असे पुष्कळांना वाटते. तथापि घड्याळ लावून दोन वाटा वेगळ्या दाखविण्याचे श्रेय रॉबिन्सनकडे जात नाही. रॉबिन्सनला १९४७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, वनस्पतिज पदार्थांवरील कामासाठी. इन्गोल्डला ते कधीच मिळाले नाही. आज मात्र जगभरच्या वर्गांत रॉबिन्सनचे बाण आणि इन्गोल्डचे शब्द एकाच फळ्यावर सुखाने नांदतात.

महायुद्धाच्या काळात लंडनवर बाँब पडू लागल्यावर युनिव्हर्सिटी कॉलेजचा रसायन विभाग वेल्समध्ये अॅबरिस्टविथला हलविण्यात आला. ह्यूज १९४३ मध्ये आपल्या जुन्या बँगरला प्राध्यापक म्हणून परतला आणि १९४८ मध्ये पुन्हा लंडनला आला. इन्गोल्डचा सेंद्रिय रसायनातील संरचना व यंत्रणा यांवरील जाडजूड ग्रंथ १९५३ मध्ये निघाला. त्यावर एका पिढीचे शिक्षण झाले. इन्गोल्ड निवृत्त झाल्यावर विभागाची सूत्रे ह्यूजकडे आली, पण ती फार दिवस त्याच्या हाती राहिली नाहीत. १९६३ मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी तो वारला. इन्गोल्ड त्यानंतर सात वर्षे जगला.

तक्त्यातील रेघ मात्र तेव्हाही वाटते तितकी सरळ नव्हती. एसएन-१ मध्ये डावे-उजवे रेणू निम्मेनिम्मे मिळावयास हवेत. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटलेले थोडे अधिक मिळतात. ह्यूज आणि इन्गोल्ड यांनी त्याचे कारण सांगितले होते, की निघालेला गट लगेच दूर जात नाही, दारात घुटमळतो आणि तेवढा वेळ एक बाजू अडवून धरतो. कॅलिफोर्नियातील सॉल विन्स्टीन याने १९५० च्या दशकात या घुटमळण्याचे टप्पे वेगवेगळे करून दाखविले. आयनांची जवळची जोडी, मध्ये द्रावकाचे रेणू शिरलेली जोडी, आणि शेवटी पूर्ण सुटे आयन. एक आणि दोन यांच्या दरम्यान पुष्कळ मुक्काम आहेत, असे त्यातून निघाले. तक्त्यात त्यांना जागा नाही, आणि बारावीच्या मुलांसाठी ती नसावी हेच योग्य. मात्र तक्ता म्हणजे दोन टोके, मधला रस्ता नव्हे, एवढे शिकवणाऱ्याने वर्गात सांगावयास हवे.

सजीवांच्या शरीरातही हीच पाठीमागची वाट वापरात आहे. नॉरअॅड्रेनलिनला एक मिथिल गट जोडून शरीर अॅड्रेनलिन बनवते. भीतीने छाती धडधडते ती त्याच्यामुळे. असे मिथिल गट एका रेणूवरून दुसऱ्यावर नेणारी विकरे तपासताना शास्त्रज्ञांनी गटातील तीन हायड्रोजन तीन वेगळ्या समस्थानिकांचे घेतले, जेणेकरून मिथिल गटालाही डावे-उजवेपण यावे. मिथिल गट उलटलेला आढळला.

वाल्डेनने हे बरेचसे हयातीतच पाहिले. रशियन क्रांतीनंतरच्या धामधुमीत तो १९१९ मध्ये जर्मनीस गेला आणि रोस्टॉकला प्राध्यापक झाला. उतारवयात त्याचा ओढा रसायनशास्त्राच्या इतिहासाकडे वळला. त्या विषयावरचा त्याचा मोठा ग्रंथसंग्रह १९४२ च्या बाँबहल्ल्यात रोस्टॉकमध्ये जळून गेला. ऐंशीच्या घरातील हा निर्वासित गृहस्थ त्यानंतरही ट्युबिंगेन येथे विद्यार्थ्यांना रसायनशास्त्राचा इतिहास शिकवीत राहिला. १९५७ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या त्रेण्णव वर्षांपैकी साठाहून अधिक वर्षे त्याच्या शोधाच्या पाठी गेली होती.

२००८ मध्ये जर्मन आणि अमेरिकन शास्त्रज्ञांच्या एका गटाने निर्वात पोकळीत क्लोराइड आयन आणि मिथिल आयोडाइड यांचे झोत एकमेकांवर सोडले आणि फेकल्या गेलेल्या आयोडाइड आयनांच्या दिशा व वेग टिपले. टक्कर मंद असताना क्लोराइड आणि रेणू काही काळ एकत्र रेंगाळतात. वेग वाढवला की पाठ्यपुस्तकातील चित्राप्रमाणे क्लोराइड पाठीमागून आदळतो आणि आयोडाइड समोरून सुटतो. पण काही टक्करींत क्लोराइड प्रथम मिथिल गटाच्या कडेवर आदळतो, मिथिल गट जड आयोडिनभोवती एक पूर्ण गिरकी घेतो, आणि गिरकी संपल्यावर त्याची पाठ पुन्हा क्लोराइडसमोर येते तेव्हा प्रतिष्ठापन घडते.